घरचा कारकून चौथीत आहे



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मोसम खोऱ्यातल्या एका वस्तीवरून निरोप आला की, कांद्याचे रोप पिवळे पडून बसत चालले आहे, मर लागलेली दिसते, येऊन पाहून जा. सटाण्याहून सकाळीच निघालो. जाऊन पाहतो तो चार किलो बियाण्याचे सगळे रोप शेंड्यापासून वाळत आलेले. मर म्हणावी तर ती इथे चट्टा, तिथे चट्टा अशी येते. इथे एकही वाफा सुटलेला नव्हता. रोग असा हजेरी घेतल्यासारखा येत नाही.

"नाना, शेवटी काय मारलं होतं?"

"करप्याचं औषध मारलं साहेब. आठ दिवस झाले."

बाटली आणायला सांगितली. ती हातात घेतली आणि मी खालीच बसलो. डाळिंबाच्या बांधावर मारायला आणलेले तणनाशक होते ते. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, दोन्ही एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. एकीवर करप्याचे औषध आणि दुसरीवर तणनाशक असे मराठीत छापलेले होते. नाना लहानपणी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, पण पुढे चाळीस वर्षांत अक्षर डोळ्यांसमोर आले ते सहीपुरतेच.

हे बोलणे चालले असताना ओट्यावर त्यांचा चौथीतला मुलगा मोठ्याने धडा वाचत होता. चांगला वाचत होता, कुठे अडत नव्हता. मी नानांना म्हटले, "पेटीतली बाटली ह्याला का नाही दाखवली?" त्यावर ते माझ्याकडे पाहतच राहिले. "पोराला काय विचारायचं?" म्हणाले. घरात वाचणारा माणूस होता, पण त्याचे वाचणे शाळेचे आणि बाटली घरची, अशी वाटणी झालेली होती. त्या वाटणीत एकराचे रोप गेले, आणि ऐन लागणीच्या दिवसांत विकतचे रोप शोधायची पाळी आली.

तेव्हापासून मी शेतीशाळेला गेलो की औषध-खतांबरोबर ही गोष्टही बोलतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी हटकून म्हणतो, "साहेब, आम्ही अडाणी. पोराचा अभ्यास आम्ही कसा घ्यावा?" मंडळी, अभ्यास घ्यायचा नाही. तो गुरुजी घेतील. आपण पोराला घरचा कारकून करायचा आहे.

तुम्ही म्हणाल, शाळेत जाते आहे, वाचायला येतेच की. तसे धरून चालू नका. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या घरी जाऊन 'असर' नावाची पाहणी होते. मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि वाच म्हणतात. २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ४३ जणांनाच तो वाचता आला. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या त्याचा हा फटका होता, हे खरे. पण त्याआधी २०१८ सालीही हा आकडा पन्नाशीच्या आसपासच होता. म्हणजे पाचवीत बसलेले निम्मे मूल दुसरीच्या धड्याला अडते. आपले त्यातले आहे की नाही, हे कळायला शिकलेले असावे लागत नाही. संध्याकाळी त्याला शेजारी बसवा, पुस्तक उघडा म्हणा आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगा. बोट थांबले की मूल अडले. बोट पुढे आणि तोंड मागे राहिले तर ते पाठ म्हणते आहे. एवढे ओळखायला डोळे पुरतात.

आणि वाचून झाले की एकच विचारा, "मग काय झालं?" आपण खरोखर ऐकत असलो तर हा प्रश्न आपोआप येतो. मूल धड्यात काय होते ते स्वतःच्या शब्दांत सांगू लागले की समजा, वाचलेले डोक्यात उतरले. सांगता येत नसेल तर रागावू नका. तोच भाग पुन्हा वाचायला सांगा. रोज दहा मिनिटे झाली तरी पुरे. गाईची धार काढताना, चुलीपुढे, कांदा निवडताना, कुठेही होते हे. मात्र मोटर चालू असताना नको, कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही.

आता कारकुनीकडे वळू.

बाजार समितीत कांदा विकून आलात की खिशात हिशोबपट्टी असते. ती आपण पैशाबरोबर घडी करून ठेवतो आणि फारतर शेवटचा आकडा पाहतो. आजपासून ती पोराच्या हाती द्या. १८ क्विंटल ४० किलो माल, भाव १,२५० रुपये. मग एकूण किती? त्याने पाटीवर मांडले की २३,००० येतात. त्यातून हमाली किती, तोलाई किती, ते शब्द त्याला वाचू द्या, अर्थ तुम्ही सांगा. हमाली म्हणजे काय हे गुरुजींपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे! 'आडत' हा शब्द पट्टीवर कुठे दिसतो का, तेही त्याला शोधायला लावा. जुलै २०१६ मध्ये आपल्या राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला आहे. पट्टी वाचणारे पोर घरात असले की असले शब्द नजरेतून सुटत नाहीत.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याला कागद रंगवणारी माणसे कशी नाडतात, हे त्यांनी त्यात फोड करून सांगितले. आज सातबारा मोबाईलवर निघतो, पण निघालेला सातबारा वाचतो कोण? गटनंबर, क्षेत्र, पीकपाहणीचा रकाना, इतर हक्कात काय लिहिले आहे. तिसरी-चौथीचे मूल हे सगळे अक्षर लावून वाचू शकते. सगळे समजणार नाही. न समजलेला शब्द वहीत टिपून ठेवू द्या आणि तलाठ्याकडे जाल तेव्हा विचारून या. बाप एक शब्द विचारून घरी घेऊन आला, याचे पोराला फार अप्रूप वाटते, हे मी पाहिले आहे.

दुधाची चिठ्ठी, विजेचे बिल, किराण्याची यादी, बसची वेळ, लग्नपत्रिका, हे सगळे वाचनच. पत्रिका तर घरात ढिगाने येतात. "ह्यात आपल्या भाऊबंदांची नावं किती, शोध बरं," म्हटले की अर्धा तास पोर हलत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र एक ताकीद. बाटली, डबा पोराच्या हाती द्यायचा नाही, रिकामा झालेलाही नाही. बाटली तुम्ही धरा, त्याने हातभर लांबून वाचावे. बाटलीबरोबर घडीचे पत्रक येते, ते कोरडे आणि स्वच्छ असेल तर तेवढे त्याला द्या आणि नंतर हात साबणाने धुवायला लावा. पत्रक अनेक भाषांत असते आणि अक्षर मुंगीएवढे. त्यातली मराठी शोधून काढणे हाच पहिला खेळ. मग कोणत्या पिकावर, कोणत्या रोगावर, किती पाण्यात किती, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचे, एवढ्या चार गोष्टी त्याने वाचून दाखवायच्या. बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. हा रंग तर पहिलीचे मूलही ओळखते. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, हे त्याला तुम्ही सांगायचे.

लिहिण्याकरिता शेतकऱ्याच्या घरासारखी जागा नाही. बागलाणात पुष्कळ जण डोंगळे लावून घरचेच कांद्याचे बी धरतात. ते उगवणार किती, याचा अंदाज आपण डोळ्यांनी घेतो आणि पुष्कळदा फसतो. यंदा हे काम पोरांकडे द्या. औषध न लावलेले, घरचे बी घ्यायचे. बरोबर १०० बिया मोजायच्या, ओल्या फडक्यात ओळीने मांडून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. फडके वाळू द्यायचे नाही. वहीत तारीख घालून लिहायचे: आज बी ठेवले. सहाव्या दिवशी उघडून मोजायचे, बाराव्या दिवशी पुन्हा मोजायचे. ८२ उगवले तर उगवण ८२ टक्के. टक्का म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. प्रमाणित कांदा बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. घरचे बी त्याखाली गेले तर बियाणे जास्त धरावे लागेल किंवा बदलावे लागेल, हा निर्णय मग त्या वहीवरून घ्या. पोराने लिहिलेल्या आकड्यावरून बापाने शेतातले काम ठरवले, तर त्या पोराला पुढे 'लिही' म्हणून सांगावे लागत नाही.

पावसाचेही तसेच. सरळ उभ्या कडांचा, तळाशी सपाट असा डबा उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याची मोजायची वेळ तीच) पट्टीने खोली मोजायची. डब्यात १२ मिलिमीटर पाणी तर पाऊस १२ मिलिमीटर. मग डबा ओतून परत ठेवायचा. वहीत तारीख, आकडा आणि पुढे एक वाक्य, जे मनात येईल ते. "आज बांध फुटला." "आज आजी पडवीत झोपली." त्या एका वाक्यासाठीच मी हे सांगतो आहे. नुसत्या आकड्यांची वही कंटाळवाणी होते. वाक्य असले की वर्षाने घरातले सगळे ती वाचायला बसतात.

पहिली-दुसरीच्या मुलांना एवढे झेपायचे नाही. त्यांच्यासाठी खडू पुरे. कोठीवर गहू, डब्यावर तूर, दारावर दार, गोठ्याच्या खांबावर गाईचे नाव. आठवड्याने गुपचूप बाजरीची चिठ्ठी गव्हाच्या कोठीवर लावा आणि पोर केव्हा ओरडते ते पाहा. वाफ्यातल्या ओल्या मातीवर काडीने, अंगणात रांगोळीने, चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरे गिरवू द्या. जोडाक्षर आले की मुले बिचकतात. त्यांना त्यांच्या ओळखीची जोडाक्षरे द्या: ट्रॅक्टर, द्राक्ष, मिरच्या, क्विंटल. द्राक्षातला 'क्ष' आमच्या भागातल्या पोराला परका वाटत नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्याकडे घराघरांत अहिराणी बोलतात, पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत कोकणी, भिलोरी बोलतात. शाळेच्या पुस्तकातली मराठी वेगळी. घरी मूल 'माले', 'तुले' म्हणते आणि पुस्तकात 'मला', 'तुला' असते. घरी 'पानी' आणि पुस्तकात 'पाणी'. मूल वहीत 'पानी' लिहिते आणि पाठीत धपाटा खाते. अहो, त्याने कानाने ऐकले तेच हाताने लिहिले. त्याचा कान चांगला आहे! दोन भाषा त्याच्या डोक्यात एकदम नांदताहेत, त्यातली कोणती कुठे वापरायची हे त्याला हळूहळू उमगते. "घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात," एवढे सांगितले की झाले. घरची बोली गावंढळ आहे असे मात्र त्याच्यापुढे म्हणू नका, आणि दुसऱ्यालाही म्हणू देऊ नका.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे. असोद्याला १८८० साली जन्मलेली ही शेतकरीण. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, घरकामात तिला ओव्या सुचत आणि ती त्या आपल्या बोलीत म्हणत असे. त्या आज आपल्यापर्यंत पोचल्या, त्या मुलाने आणि नात्यातल्या एका भावाने ऐकून वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, त्याने ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. उतरवून न घेतलेल्या ओव्या किती वाऱ्यावर गेल्या असतील, त्याला हिशोब नाही.

तुमच्या घरातही कोणी आजी आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, मुळ्हेर-साल्हेरच्या किल्ल्यांच्या गोष्टी येतात, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची हकीकत येते. तिला बोलू द्या आणि पोराला लिहू द्या. अहिराणीत सांगितले तर अहिराणीत लिहू द्या. एका बैठकीला चार ओळी झाल्या तरी चालेल. मग ते लिहिलेले आजीलाच वाचून दाखवायचे. आजी म्हणते, "असं नाही रे, तसं होतं," आणि पोर खोडून पुन्हा लिहिते. शाळेत दहा वेळा सांगून खाडाखोड न करणारी मुले इथे हसत हसत करतात. आईच्या हाताची भाकरी, ठेचा, मांडे कसे करायचे हेही असेच लिहून घ्यावे. लिहिल्याप्रमाणे पोराने ते करून पाहायचे; पाणी किती, हे लिहायचे राहिले की पीठ सांगते.

बायामाणसांना मला एक वेगळे विनवायचे आहे. मुलगा वाचायला बसला की घर गप्प होते. मुलगी बसली की कोणी तरी हाक मारते: पाणी आण, बाळाला घे, कोंबड्या हाकल. जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा १८४८ साली पुण्यात काढली, त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. पण मुलीचे वाचन अजून हाकेच्या मधल्या फटीतच होते. तिची दहा मिनिटे ठरवून द्या आणि त्या वेळात हाक मारू नका. तेवढे पुरे.

मोबाईलचे काय, असे हल्ली प्रत्येक सभेत विचारतात. मोबाईल वाईट नाही, पण आता सगळे निरोप बोलूनच धाडायची सवय लागली आहे, आणि दाखवले ते पाहायची. बाजारभावाचा निरोप गटावर आला की तो पोराकडून वाचून घ्या. नाशिकच्या काकाला बोलून निरोप धाडण्याऐवजी पोराकडून दोन ओळी लिहून धाडा. आणि वर्षातून एखादे तरी पोस्टकार्ड. आपल्या नावाचे पत्र पोस्टमनने आणून दिले की मूल ते आठवडाभर खिशात घेऊन फिरते.

हे सगळे मोठ्यांच्याही कामाचे आहे, हे लपवत नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावेच्या गावे रात्री कंदिलाच्या उजेडात शिकली, गाव साक्षर झाले की समारंभ व्हायचा. १९७२ साली त्या कामाची युनेस्कोने पारितोषिक देऊन दखल घेतली. मोठे काम झाले ते. पण शिकलेली अक्षरे पुष्कळांच्या हातून पुढे निसटली, कारण वाचायला घरात काही नव्हते आणि ऐकायला कोणी नव्हते. आमचे नानाही तसेच. पोर रोज शेजारी बसून बोट ठेवून वाचू लागले की बापाची नजरही त्या बोटामागे जाते. मी सांगत नाही, तुम्हीच पाहा.

वाचायला आणायचे काय? बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि खिशाला परवडते. त्याचे जुने अंक मिळाले तरी घ्या, गोष्ट शिळी होत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांची मराठीची जुनी पुस्तके रद्दीत घालू नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी घरात असेल तर तिच्यातले पान पोराकडून वाचून घ्या. त्याला चित्रे आवडतात आणि तुम्हाला शिफारस मिळते. देवमामलेदारांच्या यात्रेला सटाण्याला आलात तर पाळण्याच्या पैशातून एक गोष्टीचे पुस्तक काढा, पण निवडू द्या त्यालाच. तुम्हाला ते भुताचे किंवा राक्षसाचे वाटले तरी घ्या.

त्या नानांच्या वस्तीवर गेल्या हंगामात पुन्हा गेलो होतो. पत्र्याच्या पेटीच्या जागी आता दोन पेट्या आहेत, दोन्हींना कुलूप, किल्ली नानांच्या करदोट्याला. एका पेटीवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'तननाशक. हात लावू नये.' मुलाच्या धाकट्या बहिणीने लिहिले आहे ते, ती आता तिसरीत आहे. नाना म्हणाले, "साहेब, गुरुजी म्हणतात त्यात न चुकलाय. पुसून नवा काढू का?" मी म्हटले, दिवाळीपर्यंत राहू द्या. तिचे तिला दिसेल तेव्हा ती स्वतःच रंगाचा डबा मागायला येईल.